गांजाच्या केसमध्ये पोरगं पुन्हा सापडलं तर? "गुन्हा कबूल" म्हणण्याआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी

हसनाबाद (ता. भोकरदन) : गांजाच्या पुडीसह पकडलेल्या पोराला कोर्टाच्या आवारात घरचे बहुतेक वेळा एकच सल्ला देतात. "कबूल कर, दंड भरू, घरी जाऊ." कापसाची वेचणी अडलेली असते, मका सोंगायचा राहिलेला असतो, वकिलाची फी परवडत नाही. दंड भरून पोरगं संध्याकाळी घरी येतं आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटतं.

कागदावर मात्र तो मिटलेला नसतो. दंड भरला म्हणजे कोर्टाने दोषी धरलं, शिक्षा झाली. तोच पोरगा वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा सापडला तर सरकारी वकील ती जुनी शिक्षा कोर्टापुढे ठेवतात आणि आधी दंडावर भागलेली गोष्ट तुरुंगापर्यंत जाते. दरम्यान मूळ दुखणं, म्हणजे नशेची सवय, जागच्या जागीच असते. तिच्यावर ना कोर्टात कोणी बोललेलं असतं, ना दवाखान्यात.

नशा करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचाराची वाट कायद्याने ठेवली आहे. ती आजची नाही, १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातच आहे. पण ती मागावी लागते. न मागता मिळाली असं फारसं होत नाही.

किती माल सापडला, यावर सगळं

एनडीपीएस कायद्यात शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर. तीन पायऱ्या आहेत : थोडं प्रमाण, मधलं प्रमाण आणि व्यापारी प्रमाण. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर ते थोडं प्रमाण, २० किलोच्या वर गेला की व्यापारी. चरससाठी हाच हिशेब १०० ग्रॅम आणि १ किलोचा आहे. ब्राऊन शुगर म्हणजे गर्द, त्याला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. शहरातून गावाकडे येऊ लागलेल्या एमडीला तर २ ग्रॅम आणि ५० ग्रॅमच.

गांजाचं थोडं प्रमाण असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला थेट दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. माल सापडला नाही, पण नशा केल्याचं सिद्ध झालं तर कलम २७ लागतं. गांजासारख्या पदार्थाला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड आहे. गर्द किंवा कोकेनला एक वर्ष आणि २० हजार.

वजनाच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मालात भेसळ असेल तर भेसळीसकट सगळं वजन धरायचं. म्हणजे दोन ग्रॅम गर्दमध्ये पाच ग्रॅम दुसरी पावडर मिसळलेली असेल तर माल सात ग्रॅमचा, आणि तो थोड्या प्रमाणातून बाहेर गेला. "माल तर एवढासाच होता" हे मग कोर्टात चालत नाही.

थोड्या प्रमाणाचे आणि कलम २७ चे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात. हसनाबादला पोलीस ठाणं आहे, पण कोर्टासाठी भोकरदन गाठावं लागतं. मोठ्या प्रमाणाचे खटले विशेष न्यायालयात, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी जालन्याला जातात. अटक केल्यापासून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जामिनाचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये रिया चक्रवर्ती प्रकरणात या कायद्याचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले. त्यामुळे थोड्या प्रमाणातही ठाण्यातूनच जामीन होईल अशी आशा धरू नये, तो कोर्टाकडे मागायचा. मात्र कलम ३७ च्या कडक अटी मुख्यतः व्यापारी प्रमाणाला आणि नशेच्या धंद्याला पैसा पुरवणं यासारख्या काही मोठ्या गुन्ह्यांना आहेत. पुडीवाल्याला त्या लागत नाहीत.

दुसऱ्यांदा शिक्षा म्हणजे दीडपट

कलम ३१ म्हणतं की या कायद्याखाली एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तेवढ्याच शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर कमाल शिक्षा दीडपट होते, दंडही दीडपट. थोड्या गांजाला एक वर्षाचं दीड वर्ष, १० हजारांचे १५ हजार. व्यापारी प्रमाणात पुन्हा दोषी ठरलेल्यासाठी काही गुन्ह्यांत कायद्याने मृत्युदंडापर्यंत मजल मारली आहे. तो पूर्वी सक्तीचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती काढली आणि २०१४ च्या दुरुस्तीने कायद्याचा मजकूरही तसा बदलला. पुडीच्या नादी लागलेल्या पोराशी त्याचा संबंध नाही, पण दीडपटीचा आहे.

आणखी एक बारीक गाठ आहे. पहिलाच गुन्हा असेल तर चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडून देण्याची सोय आपल्याकडे १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात आहे. चोरी-मारामारीत वकील तिचा उपयोग करतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ३३ ने ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी बंद केली आहे, अपवाद फक्त कलम २६ आणि २७ चा. म्हणजे नशा करताना सापडला तर प्रोबेशन मिळू शकतं, खिशात पुडी सापडली तर नाही. पुडीवाल्यासाठी मग उपचाराचीच वाट उरते.

कलम ६४अ : खटल्याआधीची वाट

ज्याला नशेची सवय जडली आहे, ज्याच्यावर फक्त कलम २७ चा किंवा थोड्या प्रमाणाचा आरोप आहे, आणि जो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात, संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेतो, त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. थोडक्यात कलम ६४अ हे आहे. शिक्षा नाही, म्हणजे नोंदही नाही, आणि पुढे दीडपटीचा प्रश्नही नाही. "फक्त पहिल्यांदाच" असे शब्द आजच्या कलमात नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांदा सापडलेल्यालाही अर्ज करता येतो.

यातला प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो.

"सवय जडली आहे" म्हणजे लग्नाच्या वरातीत मित्रांनी दिली म्हणून एकदा ओढली, असं नाही. कायद्यात व्यसनी म्हणजे त्या पदार्थावर अवलंबून असलेला माणूस. ते डॉक्टरच्या कागदाने दाखवावं लागतं. इथे गावाकडच्या घरांची पंचाईत होते, कारण चार चौघांत नाव नको म्हणून पोराला कधी दवाखान्यात नेलेलंच नसतं. देवाला नवस, गळ्यात माळ, कोणाकडून आणलेलं औषध, सगळं झालेलं असतं. फक्त केसपेपर नसतो. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागातला एक साधा केसपेपर पुढे कोर्टात हजार शब्दांचं काम करतो.

"स्वतःहून" म्हणजे पोराची इच्छा हवी. आईने सही केली, बापाने ओढत नेलं, यावर हे कलम चालत नाही.

"सरकारी किंवा सरकारमान्य" हा शब्द सगळ्यात जास्त लोकांना अडवतो. रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर नंबर पाहून पोराला कुठल्या तरी केंद्रात टाकलं, तीन महिने पैसे भरले, आणि कोर्टात कळलं की त्या केंद्राला मान्यताच नव्हती, तर तो उपचार कोर्टाच्या हिशेबात धरला जाईल याची खात्री नाही. आधी मान्यतेचा कागद बघायचा, मग भरती.

"उपचार घेतो" म्हणजे पूर्ण घेतो. अर्ध्यातून पळून आला तर दिलेली सूट काढून घेता येते आणि खटला पुन्हा उभा राहतो.

हे कलम फक्त पुस्तकात नाही. अभिनेता फरदीन खान याला २००१ मध्ये मुंबईत कोकेनच्या प्रकरणात अटक झाली होती. त्याने व्यसनमुक्तीचा उपचार घेतला आणि २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला याच ६४अ खाली खटल्यातून सूट दिली. अकरा वर्षं गेली, हेही खरं. त्याच्याकडे चांगले वकील होते, हेही खरं. पण कलम तेच आहे, भोकरदनच्या कोर्टात उभ्या असलेल्या पोराला लागू होणारं.

अर्ज कधी करायचा? गुन्हा कबूल करण्याआधी. एकदा कबुली दिली, कोर्टाने दंड ठोठावला, की खटल्यातून सूट मागायला खटलाच उरत नाही.

कलम ३९ : दोषी ठरल्यावरची वाट

ती वेळ गेली असेल तरी एक दार उरतं. कलम २७ खाली किंवा थोड्या प्रमाणात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच तुरुंगात पाठवण्याऐवजी कोर्ट उपचारासाठी सोडू शकतं. कोर्ट त्याचं वय, वागणूक, आधीचा इतिहास, तब्येत बघतं. त्याची संमती लागते. त्याला बंधपत्र लिहून द्यावं लागतं, जामीनदार मागितला तर तोही. जास्तीत जास्त एका वर्षाच्या आत उपचाराचा काय परिणाम झाला याचा अहवाल घेऊन कोर्टापुढे यायचं आणि दरम्यान नशेचा कुठलाही गुन्हा करायचा नाही.

अहवाल बरा असेल तर कोर्ट समज देऊन सोडतं, पण पुन्हा बंधपत्रावर. हे दुसरं बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं. त्या काळात परत सापडला तर कोर्ट बोलावतं आणि राखून ठेवलेली शिक्षा सुनावतं. म्हणजे चार वर्षांपर्यंत डोक्यावर टांगती तलवार आणि खाली उपचार. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या माणसासाठी आपल्या कायद्यातली कोर्टाच्या देखरेखीखालची सुधारणा म्हणावी अशी सोय हीच. "इतिहास बघून" असं कलमात असल्यामुळे तीन वेळा सापडलेल्याला ती देणं कोर्टाला जड जातं, पण बंदी नाही. त्यामुळे वकिलाने मागितलं पाहिजे.

दोन्ही कलमं दारूला लागू नाहीत. दारूसाठी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्यात पुन्हा पुन्हा दारू विकणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाचं बंधपत्र घेतात, पोलिसांच्या बोलण्यात "९३ ची कारवाई" म्हणतात ती. पिणाऱ्याच्या उपचाराशी तिचा काही संबंध नाही.

एमपीडीए आणि तडीपारी : यात उपचार नाही

बातम्यांत "अमुक जण एक वर्षासाठी स्थानबद्ध" असं येतं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं की कोर्टाने शिक्षा दिली. तसं नाही. १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली हा आदेश ग्रामीण भागात जिल्हाधिकारी काढतात, शहरात पोलीस आयुक्त. राज्य सरकारची मंजुरी १२ दिवसांत लागते. ताब्यात घेतल्यापासून पाच दिवसांत कारणं लेखी द्यावी लागतात. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, मंडळ सात आठवड्यांत मत देतं. मंडळाने पुरेसं कारण नाही म्हटलं तर माणूस सुटतो. जास्तीत जास्त मुदत बारा महिने. केंद्राचाही १९८८ चा असाच कायदा आहे, तो फक्त नशेच्या व्यापारासाठी.

हा कायदा नशा विकणाऱ्यासाठी आहे, निव्वळ ओढणाऱ्यासाठी नाही. पण गावात या दोघांतली रेघ पुसट असते. स्वतःच्या नशेचा खर्च निघावा म्हणून पोरगा चार पुड्या मित्रांना देतो, मग आठ, आणि पोलिसांच्या कागदावर तो विक्रेता होतो. नशेपायी चोऱ्या-मारामाऱ्या वाढल्या तर "धोकादायक व्यक्ती" म्हणूनही स्थानबद्ध होऊ शकतो. तडीपारी हा तिसरा प्रकार, महाराष्ट्र पोलीस कायद्यातला, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर.

गावाला या कारवायांनी काही दिवस शांतता मिळते, आणि ज्या गल्लीत रात्री बायाबापड्यांना निघता येत नाही तिथे ती शांतता लहान गोष्ट नाही. पण स्थानबद्धतेच्या आदेशात व्यसनमुक्तीचा एक शब्दही लिहावा लागत नाही. वर्षभराने माणूस परत येतो तो त्याच पारावर, त्याच मित्रांत. तडीपार झालेला तर ओळख नसलेल्या शहरात जातो, जिथे माल गावापेक्षा सहज मिळतो.

जबरदस्तीने भरती करता येते का?

घरचे शेवटी हेच विचारतात. पोरगा आईला मारतो, भांडी विकतो, विहिरीकडे पळतो. त्याची इच्छा कधी होणार आणि तोवर काय करायचं?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारात धरले आहेत. त्याच्या कलम ८९ खाली माणसाची तयारी नसतानाही भरती करता येते, पण अटींवर. त्याने नुकतंच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली असावी, तशी धमकी दिली असावी, किंवा स्वतःकडे बघण्याच्या स्थितीत तो नसावा. अर्ज त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. असा कोणी नेमलेला नसेल तर नातेवाईक ते काम करू शकतो. दोन जणांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. भरती ३० दिवसांपर्यंत. सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया आणि मंडळाची परवानगी. भरती झालेल्या माणसाला मंडळाकडे दाद मागता येते.

दंडाधिकाऱ्यालाही याच कायद्यात अधिकार आहे. मानसिक आजार असावा असं वाटणारा माणूस पुढे आला तर ते त्याला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत पाठवू शकतात, तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करायला सांगू शकतात. याउलट घरात कोणी अशा माणसाला साखळीने बांधून ठेवलं असेल, उपाशी ठेवलं असेल, तर ठाणेदाराने ते दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि गावातल्या कोणालाही ते पोलिसांच्या कानावर घालता येतं.

साखळीचा विषय निघालाच आहे. हा कायदा साखळी पूर्ण बंद करतो, घरी चालत नाही आणि केंद्रातही नाही. जबरदस्तीने टक्कल करणं, मनाविरुद्ध राबवणं, मारहाण, हे सगळं बेकायदा आहे. काही केंद्रांत "शिस्त लावतो" म्हणून हेच चालतं आणि आईबापही गप्प राहतात, कारण पोरगं महिनाभर घराबाहेर असतं एवढाच त्यांना दिलासा असतो. केंद्र बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, आणि पोराला फोनवर बोलू देणार का. तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर गाडी माघारी फिरवावी.

डॉक्टरचा प्रश्न उगाच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचं, ज्याला पोरं "बटण" म्हणतात, त्याचंही तसंच. एकदम बंद केल्या तर फिट येते. गर्द तोडताना माणूस तडफडतो, अंग मोडून येतं, पण त्याने मरण क्वचित येतं. गांजात चिडचिड आणि झोप उडणं जास्त. म्हणून "खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल" हा गावठी इलाज दारू आणि बटणाच्या बाबतीत धोक्याचा आहे. अटक झाली असेल तर पोरगा काय घेतो, किती घेतो, हे पोलिसांना आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरला घरच्यांनी सांगितलं पाहिजे. लाज वाटली तरी.

दुसरीकडे काय करून पाहिलं

नेदरलँड्समध्ये सतत छोट्या चोऱ्या करणाऱ्या नशेबाजांसाठी २००१ मध्ये वेगळा कायदा झाला. कोर्ट अशा माणसाला दोन वर्षांपर्यंत बंदिस्त संस्थेत ठेवून सुधारणा करायला सांगू शकत होतं. २००४ मध्ये तो बदलून नशा असो वा नसो, सगळ्याच सराईत गुन्हेगारांना लागू केला. अमेरिकेत १९८९ मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत पहिलं "ड्रग कोर्ट" सुरू झालं. तिथे तोच न्यायाधीश आरोपीला पुन्हा पुन्हा बोलावतो, लघवीची तपासणी बघतो, उपचारात टिकला तर खटला मिटवतो. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता थोडा माल बाळगणं फौजदारी गुन्ह्यातूनच काढलं आणि अशा माणसाला वकील, डॉक्टर, समाजसेवक यांच्यासारख्यांच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली.

आशियातल्या काही देशांनी उलटी वाट धरली, कोर्टाशिवाय हजारो माणसं सक्तीच्या छावण्यांत. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी एकत्र निवेदन काढून अशी केंद्रं बंद करा असं सांगितलं.

आपल्याकडचा अनुभवही इच्छेच्याच बाजूचा आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाची मदत केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. पाच आठवड्यांचा उपचार आणि त्यानंतरचा दीर्घ पाठपुरावा, ही तिथली पद्धत. घरच्यांनाही बोलावून बसवतात, कारण पोरगा परत जातो ते घर तेच असतं. गडचिरोलीत दारू-तंबाखूसाठी २०१६ पासून "मुक्तिपथ" चालू आहे, त्यात गावपातळीवर संघटना आणि तालुक्याला दवाखाना आहे. जालन्यासारख्या जिल्ह्याला तालुक्याचा दवाखाना हीच गोष्ट घेण्यासारखी. भोकरदनच्या पोराला दर पंधरा दिवसांनी दूर जायला सांगितलं तर तो दोनदा जातो, तिसऱ्यांदा एसटीचं भाडं आणि रोजगार दोन्ही आठवतात.

वावर, आखाडा आणि मोटारसायकल

घरात नशा करणारं कोणी नसलं तरी ही कलमं शेतकऱ्याला माहीत असावीत. तुरीत किंवा कपाशीत गांजाची झाडं लावली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लागवडीच्या कलमात "थोडं प्रमाण" अशी पायरीच नाही, म्हणून "चारच झाडं होती, ओढण्यापुरती" याचा उपयोग नाही. आपल्या रानात दुसऱ्याने झाडं लावलेली दिसली आणि माहीत असून कळवलं नाही, तर जमीनधारकही गुन्हेगार. ठोक्याने किंवा बटईने रान दिलेलं असेल तरी मधून फेरी मारावी. सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही कळवण्याची जबाबदारी कलम ४७ ने टाकली आहे, त्यामुळे पोलीस पाटलाने "मला काय करायचंय" म्हणून चालत नाही.

आखाड्यावरची खोली किंवा गाडी या कामाला वापरू दिली, तर मालकाला कलम २५ खाली तीच शिक्षा. मोटारसायकल जप्त होते. आपल्याला माहीत नव्हतं हे मालकालाच सिद्ध करावं लागतं.

अल्पवयीन मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्यांनी हे वाचावं.

कुठे जायचं

वकील परवडत नसेल तर भोकरदन कोर्टातली तालुका विधी सेवा समिती. कोठडीत असलेला माणूस, बाई, अठरा वर्षांखालचं मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नालसाने २०१५ मध्ये नशेच्या बळींसाठी वेगळी योजनाही काढली आहे, तिथे गेल्यावर तिचं नाव घ्यावं. फोन १५१००. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, नशा विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर १९३३. उपचारासाठी आधी जालन्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, जास्त त्रास असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीतला मानसोपचार विभाग.

केसपेपर, लघवी तपासणीचा रिपोर्ट, भरती आणि डिस्चार्जचे कागद, पुढच्या तारखांचं कार्ड, सगळ्यांचे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत. ६४अ असो की ३९, कोर्ट हेच मागतं.

तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटून आलेल्या गर्दवाल्या पोराच्या घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महिनोन् महिने बंद राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. आधी जेवढी घेत होता तेवढीच पहिल्या दिवशी घेतली तर श्वास थांबू शकतो. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे त्याला एकट्याला आखाड्यावर झोपायला पाठवू नये.